‘प्रायव्हेट’ काढून साइट पळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेबसाइट संथ चालते अशी तक्रार आली, की अनेक नवे प्रोग्रॅमर आधी क्लासमधल्या (माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन एकत्र बांधणाऱ्या कोडमधल्या) ‘प्रायव्हेट’वर, म्हणजे बाहेरच्या कोडला आत हात घालू न देणाऱ्या खुणेवर, घसरतात. गेटर-सेटर (झाकलेली किंमत वाचणारी आणि बदलणारी छोटी फंक्शन) उडवायचे, सगळे ‘पब्लिक’, म्हणजे बाहेरच्या कोडला खुले, करायचे. फंक्शन कॉल वाचले म्हणजे वेग वाढला, असा त्यांचा ठाम समज असतो. मी पतसंस्थांची सॉफ्टवेअर सांभाळते, म्हणून हे पत्र.

समजा, खातेदाराची शिल्लक रुपयांत, फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणकाच्या अंदाजे दशांश पद्धतीत) ठेवली आहे. या हिशेबात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. व्याजाच्या असंख्य नोंदींनंतर अशी चूक पैशापैशाने ताळेबंदात डोकावू लागते. उपाय जुनाच आहे: रक्कम पूर्णांक पैशांत ठेवायची. शिल्लक क्लासच्या आत झाकलेली असेल, तर हा बदल एका फाइलमध्ये उरकतो. ती पब्लिक असेल, तर पासबुक छपाई, व्याज, लाभांश, एसएमएस, जिथे जिथे कुणी थेट हात घातलाय ती प्रत्येक ओळ हुडकावी लागते. एक जरी सुटली, तरी कुणा सभासदाला शंभरपट शिल्लक दिसते.

आणि हे सगळे कशासाठी? फंक्शनचा साधा कॉल नॅनोसेकंदांत होतो. नेटवर्कवरून डेटाबेसला विचारलेली क्वेरी मिलिसेकंदांत मोजावी लागते, आणि एका मिलिसेकंदात १० लाख नॅनोसेकंद असतात. माझ्या पाहण्यात साइट अडते ती ५०० सभासदांच्या यादीसाठी लूपमध्ये ५०० क्वेरी मारल्या जातात तिथे, नाहीतर डेटाबेसमधल्या टेबलला इंडेक्सच (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नसतो तिथे. पीएचपी या भाषेत एक्सडीबगने (कोडचा वेळ मोजणाऱ्या साधनाने) मोजणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: प्रत्येक कॉल नोंदवण्याचा त्याचा स्वतःचा खर्च आकड्यांत मिसळतो, त्यामुळे छोटे गेटर आहेत त्याहून महाग दिसतात.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या ज्या लेखात माहिती झाकण्याचे तत्त्व मांडले, त्यातच कॉलच्या खर्चाचाही विचार केला होता. त्यांचे म्हणणे असे: प्रोग्रॅमरने फंक्शन वेगळे लिहावे. यंत्रासाठी कोड तयार होताना ते जागच्या जागी बसवता येते. क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही८ इंजिन सतत वापरात असलेल्या छोट्या फंक्शनांबाबत आज हेच करते.

जावास्क्रिप्टमध्ये खासगीपणा महाग पडतो, या तक्रारीत मात्र तथ्य होते. क्लोजर (बाहेरच्या फंक्शनमधली माहिती धरून ठेवणारे आतले फंक्शन) वापरून खासगीपणा आणला, की क्लासपासून बनलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टमागे मेथडचे, म्हणजे त्याच्या कामाचे, नवे फंक्शन तयार होते आणि हजारो ओळींच्या ग्रिडमध्ये मेमरी फुगते. जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या मानकात ‘#’ लावलेली खासगी फील्ड आली. त्यामुळे मेथड प्रोटोटाइपवर (सर्व ऑब्जेक्टच्या सामायिक साच्यावर) एकच राहते. पीएचपी ८.४ मध्ये तर (नोव्हेंबर २०२४) प्रॉपर्टी वाचायला सर्वांना मोकळी आणि बदलायला फक्त क्लासला, अशी ठेवता येते. साध्या वाचनासाठी गेटरची गरजच उरत नाही! सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवणाऱ्या लूपसारख्या जागी मोजून पाहावे आणि फरक दिसलाच तर तेवढाच भाग मोकळा करावा, हे मलाही मान्य आहे.

बीसीए, एमसीएच्या तोंडी परीक्षेत एन्कॅप्सुलेशनची, म्हणजे माहिती क्लासच्या आत झाकण्याची, व्याख्या विचारतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला एक संथ पान द्यावे, त्यातला वेळ नेमका कुठे जातो ते प्रोफायलरने (वेळ मोजणाऱ्या साधनाने) शोधायला लावावे, आणि ती नोंद जर्नलमध्ये अनिवार्य करावी, अशी प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक प्रोग्रॅमर वाचक, इचलकरंजी