व्हीगन रोस्ट: ग्लूटेनऐवजी मैदा चालत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या जेवणासाठी भरलेल्या व्हीगन रोस्टची, म्हणजे ग्लूटेन या गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या सारण भरून भाजलेल्या गुंडाळीची, कृती वाचली. मराठी दैनिकाने या पदार्थाला जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. इथे अमेरिकेत बऱ्याच मराठी घरांत सणाच्या पंगतीला आता एक तरी व्हीगन, म्हणजे दूध-मधासह कोणताही प्राणिजन्य पदार्थ न खाणारा, पाहुणा असतो आणि त्याच्या पानात नुसते उकडलेले बटाटे पडू नयेत असे यजमानाला वाटते. पण कृतीतली तीन वाक्ये तशीच पाळली तर ऐन सणाच्या दिवशी रोस्ट फसेल. ‘ग्लूटेन न मिळाल्यास मैदा घ्यावा’, ‘गुंडाळी खळखळत्या पाण्यात तासभर उकळावी’ आणि ‘वरून लोणी व मध लावावा’, ही ती वाक्ये.

मैद्यात प्रथिने साधारण १० टक्के असतात, बाकी मुख्यतः पिष्ट. वाइटल व्हीट ग्लूटेन म्हणजे पिठातले पिष्ट धुऊन काढल्यावर उरलेले, वाळवून दळलेले प्रथिन. त्यात प्रथिने ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतात. रोस्ट दाताखाली मांसल लागतो तो याच प्रथिनांच्या जाळ्यामुळे. मैदा घेतला तर हाती येतो तो मसाला घातलेला, वाफवलेला पाव. मैद्यातून ग्लूटेन घरी काढता येते हे खरे. १ किलो मैदा ६०० मिलि पाण्यात घट्ट मळून तासभर मुरवावा आणि पाण्याखाली चोळत राहावा. पाणी जवळजवळ नितळ येऊ लागले की साधारण ३०० ग्रॅम चिवट, ओला गोळा उरतो. पण त्याने पाणी आधीच पिऊन घेतलेले असल्यामुळे मसाल्याचा रस त्यात मुरत नाही, आणि आठ जणांच्या रोस्टला अडीच-तीन किलो मैदा धुवावा लागतो. तयार पूड आणावी हेच बरे.

आठ जणांसाठी ३०० ग्रॅम ग्लूटेन, ४० ग्रॅम बेसन, ३० ग्रॅम न्यूट्रिशनल यीस्ट (चवीसाठी घालतात ते निष्क्रिय, वाळवलेले यीस्ट), दीड चमचा मीठ, प्रत्येकी २ चमचे कांदा पूड व लसूण पूड आणि चमचाभर मिरपूड कोरडेच नीट मिसळावे. २०० ग्रॅम घट्ट टोफू, भाज्या उकळून गाळलेला २५० मिलि गार स्टॉक, २ मोठे चमचे सोया सॉस, ३ मोठे चमचे तेल आणि १ चमचा व्हिनेगर मिक्सरमधून एकजीव काढावे. व्हिनेगर वगळू नये, ग्लूटेनची कच्ची चव त्याने दबते. टोफू आणि बेसनही केवळ चवीसाठी नाहीत. ते जाळ्याच्या मध्ये मध्ये येतात, म्हणून रोस्ट रबरासारखा होत नाही. ओले सगळे एकदम कोरड्यात ओतावे. थोडे थोडे घातले तर ग्लूटेनच्या गुठळ्या होतात आणि त्या मग फुटत नाहीत. तीन-चार मिनिटेच मळावे. गोळा ताणल्यावर दोरे दिसू लागले की थांबावे आणि २० मिनिटे झाकून ठेवावे. ही विश्रांती चुकवली तर लाटताना पोळी पुन्हा आखडते.

तोवर सारण करावे. १ कांदा, सेलरीचा १ दांडा आणि १५० ग्रॅम बटन मशरूम बारीक चिरून तेलावर परतावे. मशरूमला सुटलेले पाणी पूर्ण आटले पाहिजे. त्यात १०० ग्रॅम शिळ्या ब्रेडचे ओव्हनमध्ये कडक केलेले तुकडे, मूठभर अक्रोड, सेज व थाइम हे सुगंधी पाले आणि ८० मिलि स्टॉक घालावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निघू नये. सारण ओले राहिले तर वाफवताना आतून वाफ धरते, सांधा उकलतो आणि आतला थर चिकट, कच्चा राहतो. गरम सारण भरणे हीही तितकीच मोठी चूक आहे.

बेकिंग पेपरवर ३० × २५ सेंटिमीटरची, सेंटिमीटरभर जाडीची पोळी थापावी. कडेने ३ सेंटिमीटर जागा सोडून सारण पसरावे आणि अळूवडीचा उंडा वळतो तशी, प्रत्येक वळणाला दाबत, घट्ट गुंडाळी करावी. मोकळ्या सोडलेल्या कडेला तेलाचा हात लागू देऊ नये, तेलकट ग्लूटेन ग्लूटेनला चिकटत नाही. सांधा आणि दोन्ही टोके चिमटीने बंद करावीत. मग गुंडाळी बेकिंग पेपरमध्ये आणि त्यावर फॉइलच्या दोन थरांत आवळून टोके पिळावीत. ग्लूटेन शिजताना फुगते. बाहेरून दाब असेल तर ते आतल्या आत दाट बसते, सैल असेल तर स्पंज होतो. एकाच थराची फॉइल बहुधा फाटते.

उकळण्याच्या सूचनेने नुकसान होते ते इथेच. खळखळत्या पाण्यात गुंडाळीत पाणी शिरते, ती भसाभस फुगते आणि वरचा भाग सुरकुतलेला, पचपचीत होतो. गुंडाळी वाफेवर शिजवावी. मध्यम आचेवर ६० मिनिटे, अर्ध्या वेळाने एकदा उलटून. कुकर वापरल्यास शिट्टी काढून ठेवावी. लहान मोदकपात्र असेल तर एका मोठ्या रोस्टऐवजी दोन छोटे करावेत आणि ४५ मिनिटे द्यावीत. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८० अंश सेल्सिअसच्या वर पारा गेलेला दिसला पाहिजे.

वाफेवरून काढलेला रोस्ट लगेच कापला तर तो मऊ, पावासारखा लागतो आणि ‘जमलेच नाही’ असे वाटते. फॉइल न सोडता तो गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. गार होताना जाळे आवळते आणि दुसऱ्या दिवशी काप स्वच्छ पडतात. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते. मंगळवारी किंवा बुधवारी वाफवून ठेवले की गुरुवारी ओव्हनचे तेवढे काम उरते.

ओव्हन १९० अंश सेल्सिअस, म्हणजे ३७५ फॅरेनहाइट. रोस्टला तेल चोळून, ट्रेच्या तळाशी कपभर स्टॉक ओतून, वर फॉइल झाकून २५ मिनिटे ठेवावे. मग फॉइल काढून २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा मेपल सिरप, १ मोठा चमचा तेल आणि १ चमचा मोहरीची पेस्ट यांचे मिश्रण दोनदा लावत आणखी १५ ते २० मिनिटे भाजावे. सिरप पहिल्यापासून लावले तर साखर करपून कडू होते. बाहेर काढल्यावर १० मिनिटे थांबून, दातेरी सुरीने दीड सेंटिमीटरचे काप करावेत. मशरूमची ग्रेव्ही सोबत हवीच.

लोणी आणि मध शाकाहारी घरांत चालतात, व्हीगन व्यक्तीला दोन्ही वर्ज्य. ब्रेडच्या वेष्टनावर दुधाची पावडर लिहिलेली आहे का हे बघावे, आणि वुस्टरशर सॉसच्या मूळ प्रकारात अँकोव्ही हे मासे असतात, तो टाळावा.

छापील कृतीत एक इशारा मुळीच नव्हता आणि तो सर्वांत महत्त्वाचा होता. हा सगळा पदार्थच ग्लूटेनचा आहे. सीलिॲक आजार (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो) किंवा गव्हाची ॲलर्जी असणाऱ्याने त्याला तोंडही लावू नये, त्याचा चमचाही दुसऱ्या पदार्थात जाऊ देऊ नये. अशा पाहुण्यासाठी बटरनट भोपळा उभा चिरून, बिया काढून, २०० अंश सेल्सिअसवर मऊ होईपर्यंत भाजावा आणि ब्रेडऐवजी शिजवलेला भात व मशरूमचे सारण भरावे.

थँक्सगिव्हिंगची खरेदी लोक आठवडाभर आधी उरकतात. त्याआधीच्या अंकात निदान मैद्याचे व उकळण्याचे वाक्य दुरुस्त करून आणि ग्लूटेनचा इशारा चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी