फोन स्वस्त, नंबर महाग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वस्त मोबाइलने गाव कसे बदलले, हा आपल्या कालच्या पुरवणीतला लेख वाचला. केरळचे मच्छीमार, केनियाचे एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय), आपल्याकडचा हजार रुपयांचा फोन, सगळे त्यात आहे. फक्त रिचार्जचा उल्लेख नाही. रिचार्ज-दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला हे खटकते, कारण गाडी अडते ती तिथेच.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये सक्ती केली तेव्हा कुठे डेटा नसलेले, नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक आले. जानेवारी २०२५ मध्ये जिओने ४४८ रुपयांचा आणि एअरटेलने ४६९ रुपयांचा पॅक ठेवला, दोन्ही ८४ दिवसांचे. चार वेळा मारले तरी ३३६ दिवसच भरतात, म्हणून पाचवा लागतोच. वर्षाला दोन हजारांच्या आसपास जातात, हजाराच्या फोनवर! आणि हे पॅकही नाव घेऊन मागितल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. २०१८ च्या अखेरीपर्यंत रिचार्ज न करताही इनकमिंग चालू राहायचे आणि मिस्ड कॉलवर घर चालायचे. कंपन्यांनी किमान रिचार्ज आणले आणि ते संपले.

पॅक संपला की आधी आउटगोइंग जाते, काही दिवसांनी इनकमिंगही. ९० दिवस फोनचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढच्या ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला देऊ शकते. आधार, बँक पासबुक, गॅस, पीएम-किसान, सगळीकडे मात्र तोच नंबर लागलेला असतो. मग ओटीपी परक्याच्या फोनवर जातो आणि नवा नंबर जोडायचा तर म्हातारी माणसे ठसे द्यायला आधार केंद्राच्या रांगेत उभी राहतात. शेतातल्या मजुराचे त्या दिवसाचे काम बुडते ते वेगळेच.

यावर एक उपाय आहे, तो कुणी छापत नाही. ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार ९० दिवस संपताना सिमच्या मुख्य खात्यात (मेन बॅलन्समध्ये) किमान २० रुपये शिल्लक असतील, तर कंपनीने २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस राखायचा असतो. पण २० रुपयांच्या टॉपअपला हातात १४.९५ येतात, त्यामुळे एक टॉपअप पुरत नाही, दोन मारावे लागतात. पॅकचे पैसे मुख्य खात्यात धरले जात नाहीत, हेही लोकांना माहीत नसते.

‘ओटीपी आलाच नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा फोन बहुधा बिघडलेला नसतो, इनबॉक्स भरलेला असतो. वर पाकिटाचे चिन्ह लुकलुकत असेल तर जुने मेसेज पुसा, नवे येऊ लागतात. मराठी मेसेजची आणखी एक गोम आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. लांब मराठी मेसेज तुकड्यांत येतो आणि ओटीपी शेवटी टाकलेला असेल तर तो शेवटच्या तुकड्यात अडकतो. सरकारी खात्यांनी आकडा सुरुवातीलाच टाकावा. याला खर्च काहीच नाही.

एम-पेसाचे कौतुक योग्यच आहे. पण २००७ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचा मेनू सिममध्येच बसवलेला होता, त्यामुळे साध्यातल्या साध्या फोनवरही चालायचे, आणि पैसे भरायला-काढायला कोपऱ्यावरचा एजंट होता. आपल्याकडची *९९# ही इंटरनेटशिवाय बँक व्यवहाराची सोय साध्या फोनसाठीच आहे, २०२२ पासून तिला शुल्कही नाही. तरी पिन बसवताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतात, आणि कार्ड शोधून चष्मा लावेपर्यंत सेशन तुटते. कार्ड आधीच समोर काढून ठेवले तर काम होते, हे बँकेने खाते उघडतानाच सांगायला हवे. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची सरकारी नोंद ॲपवर करायला, तर स्मार्टफोनच लागतो. कीपॅडवाल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या फोनची वाट पाहावी लागते, आणि पाहणीची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.

जाता जाता आणखी एक. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात रोज असतात. त्याखाली १९३० हा मदत क्रमांक कधीच दिसत नाही. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तिथे फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते, आणि हा नंबर कीपॅड फोनवरूनही लागतो. उद्यापासून तो प्रत्येक बातमीखाली ठळक छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मोबाइल दुरुस्ती व रिचार्ज व्यावसायिक
बार्शी, जि. सोलापूर