गोण्यांचं पुढे काय झालं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात किनारा स्वच्छता मोहिमेचा फोटो आला होता. पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं, हातात झाडू, पुढ्यात भरलेल्या गोण्यांची रांग. ती मुलं आमच्या शाळेची, सातवीची. मी त्यांना विज्ञान शिकवते. फोटो छान आहे, वर्गात डकवलाही आहे. पण त्यानंतर काय झालं ते बातमीत नाही, म्हणून हे पत्र.

गोण्या न्यायला गाडी येणार होती. ती आलीच नाही. संबंधित कार्यालयात मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा 'निघालीय' एवढंच ऐकलं. गोण्या आम्ही भरतीच्या रेषेच्या जेमतेम वर ठेवल्या होत्या, ही चूक मात्र आमची. तिसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण आलं. चौथ्या दिवशी मुलांना घेऊन गेले, तर पाच-सहा गोण्या फाटून पडलेल्या, बाकीच्यांचा पत्ता नाही. एका मुलीने वाळूत अर्धं रुतलेलं पोतं ओढून काढलं, तोंडाची सुतळी निरखली आणि म्हणाली, "बाई, ही माझीच गाठ आहे."

झाडूंबद्दलही सांगायला हवं. वाळू झाडायची नसते. झाडूत प्लास्टिकपेक्षा शेवाळच जास्त येतं, आणि भरतीने आणून टाकलेल्या त्या शेवाळाखाली उड्या मारणारे बारीक जीव राहतात. किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावर जगतात. झाडू केवळ फोटोसाठी आणले होते. मला ते तेव्हाच कळत होतं, तरी मी गप्प राहिले.

आता आम्ही वेगळं करतो. ओहोटीच्या वेळी जातो, शंभर मीटरचा एकच पट्टा घेतो आणि जे उचलू ते वहीत लिहितो. काच आणि सुया मोठ्यांनीच उचलायच्या, मुलांनी फक्त हाक मारायची. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, सगळ्यात जास्त बाटल्या निघतील. निघाल्या त्या बोटाएवढ्या पांढऱ्या-निळ्या प्लास्टिकच्या काड्या. कोणाला ओळखेनात. कोणी म्हणालं लॉलीपॉपच्या, कोणी म्हणालं फुग्याच्या. शेवटी एकीच्या टोकाला कापसाचा चिकटलेला धागा सापडला आणि उलगडा झाला: कान कोरायच्या काड्या! त्या किनाऱ्यावर कोणी टाकलेल्या नव्हत्या. घरोघरच्या संडासात टाकलेल्या, सांडपाण्याच्या जाळ्यांतून निसटून समुद्रात गेलेल्या. सिगारेटच्या थोटकांनीही असंच चकवलं. तो कापूस नसतो, सेल्युलोज अ‍ॅसिटेट असतं, म्हणजे प्लास्टिकच. ते ऐकून दोन मुलं घरी कोणाशी तरी बरंच भांडली, असं पालकसभेत कळलं.

मोजण्याची ही कल्पना आमची नाही. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली लिंडा मॅरॅनिस आणि कॅथी ओहारा यांनी मोहीम काढली, तेव्हाच स्वयंसेवकांना पिशवीबरोबर नोंदीचा कागदही दिला होता. दर सप्टेंबरमध्ये जगभर होणारी किनारा स्वच्छता त्यातूनच उभी राहिली. युरोपात तर अशा मोजण्यांवरूनच किनाऱ्यांवर सर्वाधिक काय सापडतं याची यादी झाली, आणि जुलै २०२१ पासून प्लास्टिकच्या त्या कान कोरायच्या काड्या, स्ट्रॉ, ताटल्या, चमचे बाजारात आणायलाच बंदी आली. गोण्या मोजून हे झालं नसतं. 'इतक्या गोण्या कचरा' यावरून तो कुठून आला, कोणाला विचारायचं, काहीच कळत नाही.

मुलांनी कचरा उचलू नये असं माझं म्हणणं नाही. वाकून उचलल्याशिवाय त्यांना ती काडी दिसलीच नसती. पण मोठ्यांनी टाकायचं, मुलांनी उचलायचं आणि मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या, या वाटणीचा मला कंटाळा आला आहे. मोहीम ठरवणाऱ्यांनी आधी गोण्या न्यायची गाडी पक्की करावी, टोप्या मागाहून शिवाव्यात.

आपल्यालाही एक विनंती. पुढच्या मोहिमेला बातमीदार जरूर पाठवा, पण दुसऱ्या दिवशी सकाळीही पाठवा. सोबत मुलांनी केलेला तक्ता जोडला आहे. फोटोऐवजी तो छापलात तर बरं. त्यात 'थोटूक' तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलं आहे. कृपया ते सुधारू नये, ज्याने-त्याने आपापली मोजली आहेत.

आपली,
सातवीची विज्ञान शिक्षिका