मेजवानीच्या पैशातून वाचलेले पक्षी

महोदय,

प्राणिसंग्रहालयासाठी मेजवानी, लिलाव म्हटलं की 'श्रीमंतांची चैन' असा सूर लगेच लागतो. लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयासाठी भरणाऱ्या 'बीस्टली बॉल' या निधी जमवण्याच्या मेजवानीबद्दल मलाही तसंच वाटायचं. पण १९८२ साली जगात अवघे २२ कॅलिफोर्निया कॉन्डॉर (गिधाडासारखे मोठे पक्षी) उरले होते. आज ते पाचशेच्या वर आहेत, आणि त्यात या संग्रहालयाचा मोठा वाटा आहे. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून कर्मचारी हातात कॉन्डॉरच्या तोंडाची बाहुली घालून त्यांना भरवत. असं काम वर्षानुवर्षं चालवायला पैसा लागतोच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक योजना आहे. तिच्यासाठीही असा कार्यक्रम व्हावा. मात्र पिंजऱ्यांपासून लांब, आणि लाऊडस्पीकर अजिबात नको.

– एक वाचक, ठाणे