द्राक्षमळ्याचा दृष्टांत आणि आमची शनिवारची हजेरी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या मजुरांच्या दृष्टांतावर जो छोटा लेख आलाय त्याबद्दल लिहितोय. लेख वाईट नव्हता, पण शेवटी तात्पर्य काढलंय की मालक देईल त्यात समाधान मानावं, दुसऱ्याच्या ताटात बघू नये. मी वसईत टाइल्स आणि वॉटरप्रूफिंगची छोटी छोटी कामं घेतो, हाताखाली सात-आठ माणसं असतात, त्यामुळे खरं सांगायचं तर हे तात्पर्य माझ्या फार सोयीचं आहे, आणि म्हणूनच मला ते खटकलं. मजुरांनी गप्प बसावं असं सांगणारी गोष्ट कुठल्या कॉन्ट्रॅक्टरला नको असेल?

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मत्तयच्या शुभवर्तमानात २० व्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. एक मालक पहाटे बाजारात जाऊन एका दिनारावर मजूर ठरवतो, दिनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. मग परत नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी संध्याकाळी पाचला जातो, दरवेळी उभे असतील त्यांना मळ्यात पाठवतो. दिवस मावळल्यावर सगळ्यांना एकच दिनार. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात, आणि तो म्हणतो मित्रा, तुझ्याशी ठरलं तेवढं दिलं ना.

आमच्याकडे चर्चमध्ये हा उतारा तीन वर्षांतून एका रविवारी येतो, फादर दहा-बारा मिनिटं बोलतात, मिस्सा संपते आणि आपण मासळी घ्यायला जातो. मी पण पन्नाशीपर्यंत तसाच ऐकलाय. पण गेली दोन वर्षं आम्ही सहा-सात घरं मिळून दर बुधवारी रात्री एकाच्या ओटीवर बसतो, एकच उतारा घेतो, दोन भाषांतरं शेजारी ठेवतो. एक जुनं पवित्र शास्त्र आणि एक आमच्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जे नंतर २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच दिब्रिटो. या एका दृष्टांतावर आम्ही तीन बुधवार काढले.

पहिल्या बुधवारी माझं तोंड बंद केलं ते एका मावशीने, जिने आयुष्यभर वाडीत केळी आणि फुलांचं काम केलंय. मी म्हटलं पाच वाजता आलेले आळशी असणार. ती म्हणाली, कुठे लिवलंय आळशी? वाच परत. वाचलं तर मालक विचारतो दिवसभर इथे का उभे आहात, आणि ते म्हणतात आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. संपादक साहेब, मी वीस वर्षं सकाळी नाक्यावर उभा राहून माणसं उचलतोय, मला हे कळायला हवं होतं की नको? साडेसातला तिथे शंभरेक माणसं असतात, मुकादम येतो आणि दंड बघून तरणीताठी पोरं उचलतो, मग मिस्त्री लोक जातात, आणि अकरा वाजता जे उरतात ते कोण असतात? म्हातारे, एखादा आजारातून उठलेला, जिच्या कडेवर पोर आहे अशी बाई. ते पण सकाळी सहाचेच उभे असतात, डबा घेऊन. आळशी माणूस पाच वाजेपर्यंत नाक्यावर थांबत नाही, दहालाच घरी जातो.

मग मावशीने दुसरा प्रश्न टाकला, त्याला कारभारी होता ना, पैसे वाटायला कारभाऱ्याला सांगतो, मग माणसं आणायला पाच वेळा स्वतः का गेला? यावर अजून आमच्यात एकमत झालेलं नाहीये.

मला स्वतःला जे दिसलं ते पगाराच्या लाइनीचं. मालक कारभाऱ्याला मुद्दाम सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात कर. आता मला जर असा घोळ घालायचा असता ना, तर मी पहाटेवाल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं आणि उरलेल्यांना मागून गुपचूप दिले असते, कोणाला पत्ता लागला नसता. याने उलटं केलं. त्याला ते सगळ्यांना दाखवायचंच होतं. आणि शेवटी जो प्रश्न विचारतो तो मूळ ग्रीकमध्ये शब्दशः असा आहे की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का? आपण मराठीत डोळ्यात खुपणं म्हणतो ते अगदी हेच.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र म्हणजे नुसतं ज्ञान पाजळणं होईल. मी जोशात येऊन एका शनिवारी अकराला उचललेल्या एका म्हाताऱ्या बिगारीला फुल हजेरी दिली. माझा टाइल मिस्त्री बघत होता. म्हणाला, शेठ, सोमवारपासून मी पण अकरालाच येतो. काय उत्तर देणार? मी दिलं नाही. धंद्यात हे रोज चालणार नाही हे मला कळतं, आणि त्या मालकाने पण दुसऱ्या दिवशी काय केलं ते गोष्टीत नाहीये. त्यामुळे या दृष्टांतातून मजुरीचं रेटकार्ड काढायला गेलं तर फसायला होतं. तो देवाच्या राज्याबद्दल आहे, पहिल्याच ओळीत तसं म्हटलंय.

पण एक बारीक गोष्ट आहे जी सुटत नाही. तो पैसे त्याच संध्याकाळी देतो. आमच्यातल्या एका पोरीने, बारावीला आहे ती, समासात दिलेला संदर्भ शोधून बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचं १९:१३ वाचून दाखवलं, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. मग अनुवाद २४:१५ (अनुवाद हे पुस्तकाचं नाव आहे, भाषांतर नव्हे, मी पण आधी गोंधळलो), सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. पोरगी वाचत होती आणि मी ओटीवरच्या फरशीचे सांधे बघत होतो. कारण आमच्या लाइनीत पद्धतच आहे की शनिवारी पगार करताना दोन दिवसांची मजुरी दाबून ठेवायची, म्हणजे माणूस सोमवारी दुसऱ्याकडे पळत नाही. मी कोणाचे पैसे बुडवले नाहीत कधी. पण दाबले, वीस वर्षं, दर आठवड्याला, आणि त्याला मी चोरी समजत नव्हतो, व्यवस्थापन समजत होतो.

आता रोज संध्याकाळी हिशोब करतो. दोघं जण पैसे हातात पडल्यावर खरंच दुसऱ्याकडे गेले, एक परत आला. म्हाताऱ्याकडे स्मार्टफोन नाही, यूपीआय चालत नाही, म्हणून रोज सुट्टे घेऊन फिरावं लागतं, ती एक कटकटच आहे. बायको म्हणते तुझं बायबल मला एटीएमच्या लाइनीत उभं करतं.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच की धर्मग्रंथातला उतारा छापताना आधी आख्खा उतारा छापा, सोळाच ओळी, ओळी म्हणतो पण वचनं आहेत ती, अर्धा कॉलम पण लागणार नाही, आणि मग खाली तुमच्या लेखकाला काय ते म्हणू द्या. तात्पर्य आधी आणि मजकूर गायब, हे गुड मॉर्निंगच्या मेसेजना ठीक आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं ते कमी शिकलेल्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. आमची मावशी चौथीपर्यंत शिकलीये, तिला वाचता येतं, समजतं पण, आणि तुमच्या लेखकापेक्षा जास्त दिसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

येत्या बुधवारी लूकच्या १६ व्या अध्यायातला लबाड कारभारी घेतोय, जो मालकाच्या कर्जदारांची बिलं कमी करून देतो आणि वर मालकच त्याची तारीफ करतो. त्याचं तात्पर्य पुरवणीत आधीच छापून टाकू नका, मावशीचं ऐकायचंय.

आपला,
एक वाचक, वसई