फिश टँकच्या गॅसला पाइप घरचा चालेल, रेग्युलेटर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फिश टँकमधल्या पाणवनस्पतींवर लेख आला, बरं वाटलं. आपल्याकडे मासे पाळणारे घरोघरी सापडतील, टँकमध्ये हिरवळ लावणारे मोजके. लेखातल्या दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत. वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड देण्याचं सामान परदेशी आणि महाग, ही एक. दुसरी म्हणजे त्यावर सुचवलेला स्वस्त उपाय: साखर-यीस्ट आंबवून गॅस देणारी बाटली जोडा आणि विसरून जा.

मी जन्मभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, होतो. माग असो की फिश टँक, पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही एवढं कळतं. गॅस पाण्यात विरघळवणारा रिअ‍ॅक्टर म्हणजे शेवटी पाइपच की हो. नळ-फिटिंगच्या कुठल्याही दुकानात त्याचं सामान मिळतं.

दोन इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा घ्यायचा. दोन्ही टोकांना रिड्यूसर लावून अर्ध्या इंचावर आणायचं, पुढे नळी चढवायला निपल. तो उभा ठेवायचा. कॅनिस्टर फिल्टरमधून (टँकबाहेरचा बंद डब्याचा, पंपवाला फिल्टर) गाळून आलेलं पाणी वरून आत, खालून बाहेर आणि तिथून टँकमध्ये. गॅसची बारीक नळी वरच्या तोंडाजवळ, भोक पाडून, टॅप मारून (आत आटे पाडून). सांध्यांना चिकटवायचं सोल्यूशन लावल्यावर एक दिवस वाळू द्या आणि पहिली चाचणी न्हाणीघरात घ्या, दिवाणखान्यात नको.

पाइप दोन इंची का, हे लेखात यायला हवं होतं. बुडबुडा पाण्यात सेकंदाला साधारण वीस सेंटीमीटर वेगानं वर चढतो. तासाला ६०० लिटर पाणी अर्ध्या इंची नळीतून जाताना सेकंदाला ९० सेंटीमीटरच्या पुढे धावतं, त्यात बुडबुडा सरळ वाहून जातो. तेच पाणी दोन इंची पाइपात आलं की वेग आठ-नऊ सेंटीमीटरवर उतरतो. मग पाणी बुडबुड्याला खाली नेऊ शकत नाही आणि वर त्याला वाट नसते. तो तिथंच घुसळत राहतो आणि विरघळून संपतो. तुमच्या लेखासोबतच्या फोटोत टँकभर बारीक बुडबुडे दिसतात, गोळी सोड्याची बाटली नुकती फोडल्यासारखे. दिसायला छान, पण पृष्ठभागावर पोचलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे हवेत गेलेला गॅस. शिवाय हे बुडबुडे पाडणाऱ्या डिफ्यूझरची चकती शेवाळानं बुजते, ती सारखी घासत बसा. रिअ‍ॅक्टरमुळे फिल्टरचा जोर थोडा कमी होतो, तेवढं सोसावं लागतं.

आता पैसे कुठे घालायचे ते. दाब उतरवणारा रेग्युलेटर, गॅस थेंबाथेंबानं सोडणारा नीडल व्हॉल्व्ह आणि विजेवर उघडणारी, वीज गेली की मिटणारी झडप म्हणजे सोलेनॉइड, हे चांगले घ्या, इथे जुगाड नको. सिलिंडरमध्ये २० अंशांना चौरस इंचाला आठशे पौंडांच्या वर दाब असतो. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही आणि दाब आणखी चढतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल, सांगायला नको. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला आणि उन्हापासून लांब हवा. दार-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत तर नकोच. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड. दोन किलोचा सिलिंडर गळला तर हजार लिटरहून जास्त गॅस होतो आणि तो खाली, अंथरुणाच्या उंचीवर साचतो. आणि नळी सिलिकॉनची नको, तिच्यातून गॅस झिरपतो. कारखान्यात हवेच्या दाबाला वापरतात ती पीयू (पॉलियुरेथेन) नळी घ्या.

यीस्टच्या बाटलीवर माझा खरा राग आहे. तिला तोटी नाही. रात्री वनस्पती गॅस घेत नाहीत, उलट सोडतात, आणि बाटली मात्र चालूच. त्यात उन्हाळ्यात यीस्टला जोर चढतो आणि त्याच वेळी कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात ती या दोन्हीमुळे. सोलेनॉइड टायमरवर लावला की गॅस दिव्याच्या तासभर आधी सुरू होतो आणि दिव्याबरोबर बंद. तो आणि फिल्टरचा पंप एकाच बोर्डावर घ्या, म्हणजे लाइट गेली की दोन्ही एकदम थांबतात. पंप बंद आणि गॅस चालू राहिला तर सगळा रिअ‍ॅक्टर गॅसनं भरून बसतो.

किती गॅस सोडायचा ते ड्रॉप चेकर, म्हणजे टँकमध्ये लावायची रंग बदलणारी छोटी कुपी, सांगतो. त्यात टँकचं पाणी न घालता ४ अंश कार्बोनेट कठीणतेचं तयार द्रावण घालायचं. निळा रंग म्हणजे कमी, हिरवा म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे गॅस ताबडतोब कमी करा. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तोवर व्हॉल्व्ह फिरवत बसू नका. एप्रिल-मेमध्ये मी निळसर हिरव्यावरच समाधान मानतो आणि दिवाही कमी वेळ लावतो. घरच्या मंडळींच्या मते त्या दिवसांत पंखा आमच्यापेक्षा माशांनाच जास्त मिळतो. खोटं नाही ते.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी वॅलिसनेरिया ही पट्टीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावावी. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही तिला कार्बन घेता येतो. आमच्या बोअरच्या पाण्यात ती वरून गॅस न देताही माजते.

एक विनंती. बाटली लावून विसरून जा, हा सल्ला दुरुस्त करून उन्हाळ्याआधी छापावा. आणि जुना सिलिंडर विकत घेणाऱ्यांना सांगावं की त्याच्या गळ्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. ती वाचता येत नसेल तर सिलिंडर घेऊ नये.

आपला,
एक निवृत्त जॉबर
पूर्व भाग, सोलापूर