भविष्यातला माणूस आजचाच कसा असेल?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या तीस-चाळीस वर्षांत समाज कसा असेल, या विषयावर आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे आलेले लेख मी नेमाने वाचले. यंत्रे, प्रवास, औषधोपचार, घरे यांविषयी त्यांत पुष्कळ माहिती आहे आणि ती परिश्रमाने जमवलेली आहे. तरीही एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. या चित्रांत भोवतालचे सारे बदललेले असते आणि त्यात वावरणारा माणूस मनाने मात्र आजचाच असतो. त्याच्या आवडीनिवडी, त्याची भीती, नात्यांविषयीच्या त्याच्या कल्पना, कशाची लाज बाळगावी आणि कशाचा अभिमान धरावा याविषयीची त्याची समजूत, हे सारे जसेच्या तसे राहील असे गृहीत धरलेले असते.

ही चूक जुनी आहे. अमेरिकेतल्या फिल्को-फोर्ड कंपनीने १९६७ साली एक लघुपट काढून १९९९ सालचे घर कसे असेल ते दाखवले होते. त्यात घरातली स्त्री पडद्यावर वस्तू पाहून खरेदी करते आणि तिचा नवरा दुसऱ्या पडद्यासमोर बसून तिचे पैसे चुकते करतो. घरबसल्या खरेदीचा अंदाज आश्चर्य वाटावे इतका खरा ठरला. पण पैसे मिळवणारी आणि ते चुकते करणारी तीच स्त्री असू शकेल, हे काही त्या कल्पकांना सुचले नाही. यंत्र बत्तीस वर्षे पुढे गेले, संसार होता तिथेच राहिला. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३० साली असाच एक अंदाज बांधला होता. शंभर वर्षांत प्रगत देशांतले राहणीमान चार ते आठ पटींनी उंचावेल, असे त्यांनी म्हटले आणि ते पुष्कळसे खरे झाले. त्यामुळे आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल, हा त्यांचा दुसरा अंदाज मात्र साफ चुकला, कारण मिळकतीबरोबर माणसाच्या ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थही वाढत गेला.

समाजाच्या बाबतीत होणारी ही चूक आपण स्वतःच्या बाबतीतही करतो. क्वाडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ ते ६८ वर्षे वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, असे सर्व वयांचे लोक सांगत होते. पुढच्या दहा वर्षांत मात्र आपण फारसे बदलणार नाही, असे त्याच वयांचे दुसरे लोक सांगत होते. आज आवडणाऱ्या कलावंतांचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकण्यासाठी लोक जी रक्कम मोजायला तयार होते, ती दहा वर्षांपूर्वी आवडणाऱ्या कलावंतांचा कार्यक्रम आज ऐकण्यासाठीच्या रकमेपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. आपली आजची आवड हीच अखेरची, असे प्रत्येकाला वाटते.

मला हे पटायला अभ्यासाची गरज नव्हती. मी आज ५८ वर्षांची आहे. धाकट्या बहिणीने लग्न न करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मी तिशीची होते आणि तिने सर्वांचा अपमान केला असे मानून दोन वर्षे तिच्याशी बोलले नव्हते. माझे ते मत बदलू शकेल असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर मला त्या माणसाचाच राग आला असता. पुढे कोणा एका प्रसंगाने डोळे उघडले असेही झाले नाही. माझ्या भोवतालच्या बायकांची आयुष्ये बदलत गेली, त्यांच्याबरोबर मी बदलले आणि एक दिवस ते जुने मत आपल्यापाशी उरलेलेच नाही, हे ध्यानात आले. ती दोन वर्षे मात्र परत आली नाहीत. म्हणूनच भविष्याचा विचार करताना स्वतःला वगळणे मला निरुपद्रवी वाटत नाही.

येणाऱ्या बदलांपैकी एक तर अंदाजाचाही विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०५० साली जगात ६० वर्षांवरील लोकांची संख्या २१० कोटी असेल, आणि हे सगळे लोक आजच जन्मलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अनुमानानुसार २०७० च्या दशकाच्या अखेरीस पासष्टी ओलांडलेल्यांची संख्या अठरा वर्षांखालील मुलांपेक्षा जास्त होईल. ज्या समाजात वृद्ध मुलांहून जास्त आहेत, त्यात ‘म्हातारपण’ या शब्दाचा आजचा अर्थ टिकणार नाही. कोणी किती वर्षे काम करावे, कोणाची सेवा कोणी करावी, मृत्यूविषयी घरात उघडपणे बोलावे की नाही, याची उत्तरे आजची माणसे आजच्या मनाने देऊन टाकत आहेत.

जपानमध्ये यावर एक प्रयोग झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ तात्सुयोशी साइजो यांच्या कल्पनेतून याहाबा या छोट्या नगरात २०१५ साली काही रहिवाशांना २०६० सालचे नागरिक म्हणून चर्चेत बसवण्यात आले. सोप्या आणि लगेच फळ देणाऱ्या कामांऐवजी या मंडळींनी अवघड, लांब मुदतीच्या कामांकडे लक्ष दिले. २०६० च्या माणसाचे मन त्यांना खरोखर सापडले असे मी म्हणणार नाही. पण आपल्या जागेवरून उठून दुसऱ्याच्या जागी बसल्याने निर्णय बदलतो, एवढे त्यातून नक्की दिसले.

माझी आपल्याला विनंती अशी की, या लेखमालेच्या जोडीला वाचकांकडून दोन छोट्या नोंदी मागवाव्यात. गेल्या तीस वर्षांत माझे कोणते ठाम मत बदलले, ही पहिली. पुढल्या तीस वर्षांत कोणते बदलू शकेल, ही दुसरी. निवडक नोंदी आपल्या संग्रहात जपून दहा वर्षांनी पुन्हा छापाव्यात. वाचकांना दुसरी नोंद फार जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

मला ती जड गेली. पुष्कळ दिवसांनी मी एवढेच लिहू शकले की, वृद्धाने अखेरपर्यंत आपल्या घरीच राहावे हे माझे मत कदाचित टिकणार नाही. मला कधीही वृद्धाश्रमात ठेवणार नाही, असे वचन मी माझ्या दोन्ही मुलांकडून घेतलेले होते. गेल्या आठवड्यात मी त्यांना त्यातून मोकळे केले आणि वेळ येईल तेव्हा मला पुन्हा विचारा, एवढेच मागितले.

आपली,
एक नियमित वाचक